पिऱ्हस जेवायला आलाच नाही

परकार सर गेल्याचा फोन सलीमने केला. ‘सर गेले, जोशीभाय,’ म्हणाला आणि थांबला... मला वाटलं, रडतोय. तर पुढे म्हणाला, ‘शोकसभेला अध्यक्ष मी बसतोय. रज्जाकचाचाला तेवढं सांगून ठेवा.’ ठेवतो न ठेवतो तोच रज्जाकचा फोन आला. त्याने सर गेल्याचा उल्लेखही केला नाही. ‘खुर्ची कुणाची ठरली?’ एवढंच विचारलं. मला शिसारी आली. आखाती युद्धात, रियाधमध्ये, हीच दोन माणसं याच प्रश्नावरून भांडत होती, आणि तेव्हाही मधे मीच होतो, गाढवासारखा.

मी तिथल्या इस्पितळात एक्स-रे काढायचो, परकार सर भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे. आम्ही दोघं जेवायचो काझीचाचांच्या मेसमध्ये. काझीचाचा रत्नागिरीचे, भाड्याच्या घरात कोकणातल्या माणसांसाठी मेस काढली होती, आणि टेबलाच्या टोकाला एक हिरवी फिरती खुर्ची ठेवून तिच्यावरून ते सगळ्यांच्या ताटांवर लक्ष ठेवत. युद्ध लागायच्या आधीच ते हृदयविकाराने गेले. पुढे क्षेपणास्त्रं पडू लागली, निम्मी माणसं जेद्दाकडे पळाली, स्वयंपाकीही त्यांच्याबरोबर गेला. मेस बंद पडली. शाळेला सुट्टी होती म्हणून सरांनीच डाळभाताचं पातेलं चढवलं. हळूहळू माणसं परत येऊ लागली. त्यांत गुहागरकडचे काही गवंडी होते. त्यांची कंपनी बंद, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो अरब मालक, परदेशी पळालेला, पासपोर्ट त्याच्या कपाटात. त्या ताटाशिवाय त्यांना रियाधमध्ये दुसरं काही नव्हतं.

आणि डाळीला फोडणी बसली न बसली तोच सिंहासनाचा प्रश्न उभा राहिला! काझीचाचांचा धाकटा भाऊ रज्जाक म्हणे खुर्ची माझी, थोरल्या भावाचा मुलगा सलीम म्हणे माझी. रज्जाक रागाच्या भरात ताटं भिरकवायचा, म्हणून लोकांनी सलीमला निवडलं. सलीमने पहिलं काम काय केलं असेल, तर खुर्चीला नवी गादी शिवून घेतली.

त्या दुपारी भांडी विसळता विसळता सरांनी मला आणि रज्जाकला स्पार्टा सांगितला. ‘काका-पुतण्यांची भांडणं फक्त आपल्याकडचीच, असं समजू नका,’ म्हणाले. मॅसिडोनियाकडून मार खाल्लेलं ते राज्य, राजा रणात पडलेला. तिथे एका वेळी दोन राजे असत; दुसरा राजा वर्षानुवर्षं गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यातच राज्य सावरलं. तो गेला तेव्हा थोरला मुलगा आधीच वारलेला. मग गादी कुणाची, धाकट्या क्लिओनिमसची की थोरल्याच्या मुलाची, आरेउसची? क्लिओनिमस तापट, म्हणून वडीलधाऱ्यांनी पुतण्याला बसवलं. क्लिओनिमसने तो राग वर्षानुवर्षं पोसला आणि शेवटी पिऱ्हस नावाच्या परक्या राजाला हत्तींसकट स्वतःच्याच गावावर आणलं. पुतण्या तेव्हा परदेशी. क्लिओनिमसच्या माणसांनी घर सजवलं, पिऱ्हससाठी स्वयंपाक केला. पिऱ्हस म्हणाला, गाव उद्या सकाळी घेऊ. सकाळपर्यंत बायकांनी खंदक खणून ठेवला होता. पिऱ्हस आत शिरूच शकला नाही.

‘आणि जेवणाचं काय झालं?’ मी विचारलं.

‘एवढ्या गोष्टीत तुम्हाला जेवणच दिसलं, जोशी? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.’

सर शहाणपण सांगत होते. रज्जाकने त्यातून युक्ती उचलली. एका बड्या केटररला त्याने गाठलं: मेस तुम्ही घ्या, खुर्ची मला द्या. केटररची अट एकच, फुकटे बाहेर. म्हणजे ते गवंडी. आणि घर कोणी सजवलं? अस्मादिकांनी! रज्जाकने मला ‘तुमच्यासारखा टापटिपीचा माणूस नाही’ म्हटलं, आणि मी इस्पितळाची चादर टेबलावर अंथरली, तिच्यावरचा शिक्का झाकायला नेमका त्यावर मटणाचा टोप ठेवला. रुमालांचे हंससुद्धा केले. ते बदकांसारखे दिसत होते, पण केले.

संध्याकाळी केटररची वाट पाहत असताना भोंगा झाला. आम्ही सगळे विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेल्या खोलीत कोंबले गेलो. आम्हा इस्पितळवाल्यांना मास्क होते, गवंड्यांना तोंडावर ओले टॉवेल. रबराचा, घामाचा, कोणाच्या तरी ओकारीचा वास... आणि त्यात काका-पुतणे भांडत होते, दाराजवळ कोण बसणार! मी मास्कचं झाकण न काढताच तो घातला होता, त्यामुळे निळा पडायच्या बेतात होतो. सरांनी ते ओढून काढलं. ‘मरायचं तर क्षेपणास्त्राने मरा, जोशी. झाकणाने नको.’

धोका टळल्यावर फोन लावला. केटरर वाटेतूनच परतला होता, सामान बांधत होता. म्हणाला, ‘धंदा खलास. मी जेद्दाला चाललो.’ तरी रज्जाक टोपावर हात ठेवून उभा. ‘हात लावू नका कोणी! उद्या येईल तो.’ सलीम म्हणे, ‘माझ्या मेसमधलं मटण, मी सांगेन तेव्हा वाढायचं.’ गवंडी भिंतीला टेकून ओले टॉवेल पिळत होते. सर उठले. हिरव्या खुर्चीसमोरचं ताट त्यांनी उपडं घातलं. ‘पिऱ्हस आज येत नाही. यल्ला, बसा रे सगळे.’ पहिलं वाढलं ते गवंड्यांना. पासपोर्ट सुटून घरी जाईपर्यंत त्यांचं ताट कोणी हलवलं नाही.

पुढे ती सरांची सवयच झाली. गावी परतल्यावर चिपळुणात लग्न असो की सत्कार, बड्या पाहुण्यासाठी खुर्ची अडवून लोक ताटकळले, की सर जाऊन तिथलं ताट उपडं घालायचे आणि पंगत बसवायचे. यजमान खवळायचे. सर वरण मागायचे.

शोकसभा झाली. काका आता ऐंशी पार, पुतण्या नातवंडांचा आजोबा, आणि माईकसमोर दोघांची एका खुर्चीवरून ढकलाढकली. किळस आली, दुसरा शब्द नाही. सरांवर कोणी बोललंच नाही. मला बोलायचं होतं, लिहूनही नेलं होतं, तर मी चष्मा घरी विसरलो होतो.

नंतर आम्ही मोजकी माणसं सरांच्या घरी जेवायला गेलो. टेबलाच्या टोकाची सरांची खुर्ची रिकामी होती. रज्जाक काठी टेकत तिकडे निघाला, सलीमही दुसऱ्या बाजूने निघाला. सरांच्या पत्नी झुबेदाभाभींनी हातातला टोप खाली ठेवला, त्या खुर्चीसमोरचं ताट उपडं केलं आणि म्हणाल्या, ‘यल्ला, बसा.’

आम्ही बसलो. ते दोघे खुर्चीच्या दोन बाजूंना तसेच उभे. मटण गार होत होतं. मी वाढून घेतलं.