हेडलाइटची रिंग

भोसरीच्या एका प्लेटिंग शॉपमध्ये मी एकतीस वर्षं काढली. लोखंडावर निकेल, निकेलवर क्रोम, हेच माझं आयुष्य. वस्तूची चमक बघून क्रोमचा थर किती उरलाय ते मी दारातून सांगायचो आणि ते बरोबर निघायचं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या पोटात का दुखलं ते कळेल.

गेल्या वर्षी मी आणि बायको तीन महिने सिंगापूरला मुलाकडे गेलो. मुलगा जुरोंग आयलंडवर इंजिनिअर आहे. त्यानं एक जुनी मोटरसायकल घेतली होती, माझ्याकडे पूर्वी होती तशीच. मडगार्डवर, सायलेन्सरवर, हेडलाइटच्या रिंगवर गंजाचे ठिपके आले होते. फोनवर हे ऐकलं तेव्हाच मी बाह्या सरसावल्या. निघताना बॅगेत सुती फडकी टाकली, जुना एप्रनही टाकला. बायको हसली.

पोचल्यावर कळलं की माझी जागा भरलेली आहे. आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, बँकेतून रिटायर झालेले आणि वीस वर्षं सिंगापुरातच क्वीन्सटाउनला राहणारे. दर रविवारी पिशवीत पॉलिशच्या ट्यूबा घेऊन हजर. मुलाच्या तोआ पायोहमधल्या फ्लॅटबाहेर कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रं पसरून ते आणि मुलगा सुटे भाग घासत बसायचे. व्याह्यांची सगळी विद्या मोबाइलवरची. तरी मुलगा विचारायचा, "पप्पा, हे आधी धुवायचं का?" मी बाबा, ते पप्पा. मला काय, तर खुर्ची, टेबलफॅन आणि चहा. मुलाकडचे ना आम्ही, मानाचे.

"बाबा, जन्मभर हेच केलंत, आता आराम करा," मुलगा म्हणाला. प्रेमानंच म्हणाला, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात व्याही मला समजावणार, "क्रोमचं असं असतं बघा साहेब." मी म्हणायचो, "हो का?" मुलानं एकदा तरी विचारावं, बाबा, जरा हात लावता का? तीन रविवार गेले, त्यानं विचारलं नाही. आपण होऊन उठायला माझं नाक आड यायचं.

चौथ्या रविवारी हेडलाइटची रिंग निघाली. मडगार्ड त्यांनी ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं साफ केलं होतं, आणि चांगलं केलं होतं, तेही मला झोंबलं. रिंगवरचा एक डाग मात्र निघेना. मुलगा खाली कॉफी आणायला गेला होता. व्याही आत गेले आणि स्वयंपाकघरातली कुकर घासायची तारेची घासणी घेऊन आले.

मला खुर्चीतून स्वच्छ दिसत होतं. रिंगच्या खालच्या कडेला क्रोम कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ झालं होतं. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण व्याह्यांना टोकू नये, मान राखावा, ही आमच्याकडची रीत आहे आणि त्या दिवशी ती मला बरी सापडली. मी मिठाची गुळणी धरून बसलो. खरं सांगतो, त्या घासणीचा आवाज मला गोड लागत होता.

मुलगा वर आला तेव्हा रिंगच्या कडेला वीतभर पिवळट पट्टा उघडा पडला होता. निकेल. तशी रिंग आता कुठे मिळत नाही. व्याह्यांनी घासणी बाजूला ठेवली. "चुकलो रे मी," ते म्हणाले. मी खुर्चीत सावरून बसलो. आता मुलगा माझ्याकडे वळणार, "बाबा, आता काय करायचं?" म्हणणार, याची वाट बघत होतो.

तो व्याह्यांजवळ बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पप्पा, वाईट वाटून घेऊ नका. बाबा समोरच होते ना? पूर्वी त्यांना दारातून थर कळायचा. आता नाही दिसत त्यांना तेवढं, नाहीतर बोलले असते ते."

दिसत होतं म्हणावं, तर मग गप्प का बसलो तेही सांगावं लागलं असतं.

पुढच्या शनिवारी तो मला टाऊन सेंटरमधल्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या मुलीनं भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. "अंकल, लास्ट लाइन कॅन?" शेवटची ओळ मला लख्ख दिसत होती. मुलगा खांद्याशी उभा होता, काळजीनं माझ्याकडे बघत.

मी दोन अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली.