धुरावरचे धोंडे

अधिक महिना आला की जावयाला धोंडे करून घालायचे, ही आमच्याकडची रीत. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, उंडे वळून वाफवायचे आणि वर तुपाची धार सोडायची. जावई पाटावर बसतात आणि सासू वाढत राहते, ते नको म्हणेपर्यंत. नको म्हणाल्यावरही आणखी एक पडतोच, त्याशिवाय सासूचं मन भरत नाही. यंदा मात्र महिना लागायच्या आधीच जावयांचा फोन आला.

"मामी, यंदा धोंडे मी करणार. तुम्ही अन् मामा पाटावर बसा."

"अहो, ही उलटी गंगा कुठनं आणलीत?"

"अमरावतीवरून," असं म्हणून ते खो खो हसले.

जावई अमरावतीकडचे. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत आणि आमच्या लेकीबरोबर नेऱ्यात राहतात. मधे कंपनीनं त्यांना परदेशी पाठवलं होतं. तिथं त्यांचा घरमालक सुट्टीच्या दिवशी अंगणात एक लोखंडी पिंप पेटवायचा आणि त्यात मंद धुरावर मांस शिजवायचा. लोक परदेशातनं सेंट आणतात, चॉकलेटं आणतात. हे डोक्यात पिंप घेऊन आले. आल्या आल्या पौडला एक वेल्डर गाठला आणि तेलाच्या रिकाम्या पिंपाचं तसलंच यंत्र करून घेतलं. खाली विस्तवाची जागा, वर जाळी, त्यावर झाकण आणि बाजूला धूर जायला नळकांडं. ते त्याला स्मोकर म्हणतात. आमचे मालक, म्हणजे लेकीचे बाबा, त्याला धुराडं म्हणतात.

जावयांचा फोन झाला आणि लगेच लेकीचा आला.

"आई, ऐक. ह्यांना शनिवार-रविवार खाण्याचा गाडा लावायचाय, धुरावरच्या पदार्थांचा. ताम्हिणीच्या रस्त्याला आपला वरचा तुकडा आहे ना, तिथं. बाबांना विचारायचंय. पण ह्यांनी ठरवलंय, आधी खाऊ घालीन, मग विचारीन. आणि बाबा नाही म्हणाले तर पुन्हा कधी विषय काढायचा नाही."

"मग तूच विचार की बाबांना."

"मी विचारलं की ते 'बघू' म्हणतात. बाबांचं 'बघू' तुला ठाऊक नाही का?"

मला नाही तर कुणाला ठाऊक? न्हाणीला दार बसवा म्हटलं तेव्हा लेक शाळेत होती, तेव्हा 'बघू' म्हणाले. दार बसलं ते ती नांदायला गेल्यावर.

पण मला काळजी लागली ती वेगळ्याच कारणानं. ती म्हणाली, त्या धोंड्यांना बाहेरून बेकन गुंडाळणार आहेत. बेकन म्हणजे डुकराच्या मांसाच्या पातळ लांब पट्ट्या, मिठात मुरवलेल्या. आमच्याकडं अधिकातसुद्धा मटण खातात, कोंबडी खातात, वढ्याचे खेकडे तर विचारूच नका. डुकराचं मात्र कुणी खाल्लेलं मला माहीत नाही. आणि दुसरं म्हणजे जावयानं सासरवाडीच्या जागेत धंदा लावायचा, तर गाव लगेच घरजावई म्हणणार. मालकांना एक वेळ कर्जबाजारी म्हणा, चालेल, पण त्यांच्या जावयाला कुणी घरजावई म्हटलेलं खपायचं नाही.

तरी मी म्हटलं, या. रविवारी या.

दुपारी मी माझी रीत सोडली नाही. पुरणाचे धोंडे केले, जावयांना पाटावर बसवलं, ओवाळलं. ते म्हणाले, "मामी, संध्याकाळसाठी पोटात जागा ठेवा म्हणून मी तुम्हाला सांगायचं, तर तुम्ही माझीच भरून राहिल्या!" मालक मिशीत हसले. म्हटलं, सुरुवात तर बरी झाली.

ऊन उतरल्यावर परसात मांडामांड झाली. आमच्या घरात मटणसुद्धा आतल्या ओट्यावर शिजत नाही. देव्हारा तिथंच आहे. परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं, ते कधी उंबऱ्याच्या आत यायचं नाही. त्यामुळे पिंप परसात मांडायला कुणाला काही बोलायला जागा नव्हती. जावयांनी मैद्याच्या पाऱ्या लाटल्या, आत कोंबडीचा खिमा भरला आणि मुरड घालायला गेले तर पारी फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. लेक तोंडाला पदर, आता कुठला पदर, ओढणी लावून हसायला लागली. माझ्याच्यानं बघवेना.

"सरका," मी म्हटलं. "कॉम्प्युटर चालवणं सोपं असतंय."

मी आत जाऊन आमच्या इंद्रायणी तांदळाच्या पिठाची चांगली मोठी उकड काढली. पारी करायची, खिमा ठेवायचा, कळ्या पाडायच्या आणि तोंड मिटून वाफवायचं. मोदकच की, फक्त नारळाच्या जागी कोंबडी. मग ती बेकनची पट्टी हातात घेतली. घेऊ का नको, असं झालं होतं आधी. पण लाल-पांढरी, पट्ट्यापट्ट्याची, एखाद्या लुगड्याच्या काठासारखी दिसली मला ती. म्हटलं, चला, मोदकाला लुगडं नेसवू. पत्रावळी टाचायच्या काड्या होत्या घरात, त्यांनीच टाचून टाकलं. जावई बघतच राहिले.

"मामी, हे तर त्या घरमालकालाही नसतं जमलं."

"त्याला सासू नसंल," मालक खाटेवरनं म्हणाले.

जावयांनी निखारे केले, त्यावर आंब्याच्या लाकडाच्या भिजवलेल्या ढलप्या टाकल्या, जाळीवर धोंडे मांडले आणि झाकण लावलं. नळकांड्यातनं बारीक निळसर धूर निघायला लागला. मग जावई आणि लेक हात धुवायला विहिरीकडं गेले आणि मी ताटं आणायला आत.

आता इथं मला जरा धुराबद्दल सांगितलं पाहिजे. आमचं सगळं आयुष्य धूर घालवण्यात गेलं. पावसात लाकडं ओली असायची आणि सगळं घर धुरानं भरायचं. डोळे चुरचुरायचे, पोरं खोकायची, भाकरीला वास लागायचा. जिच्या चुलीचा धूर जास्त, ती बाई आळशी, असा हिशेब. त्यामुळे धूर दिसला की आमच्याकडच्या कुठल्याही माणसाचा हात आपोआप फुंकणीकडं जातो, मग चूल कुणाचीही असो. लग्नाच्या मांडवात परक्या आचाऱ्याच्या चुलीला फुंकर घालून आलेली माणसं आहेत आमच्यात.

मी ताटं घेऊन बाहेर आले तर परसात भक्कन उजेड. झाकण खाली पडलेलं, मालक फुंकणी घेऊन उकिडवे बसलेले आणि पिंपातनं कमरेएवढा जाळ. करवंदीच्या वाळलेल्या काटक्या घातल्या होत्या त्यांनी. वरनं बेकनची चरबी गळत होती आणि प्रत्येक थेंबाला जाळ उडी मारत होता. विहिरीकडनं दोघं पळतच आले.

"पाव्हणं," मालक घाम पुसत, मोठ्या खुशीत म्हणाले, "तुमची चूल इझाया लागली व्हती. नुसता धूर! पेटवून दिली बगा."

जाळीवर माझी लुगडी नेसलेली बाळं कोळसा होऊन बसली होती. जावयांनी चिमट्यानं एक उचललं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच भडभडून आलं.

"मामा," ते हळूच म्हणाले, "जाळ नव्हता पाहिजे. धूरच पाहिजे होता."

"धूर? धुरावर कवा काय शिजलंय व्हय?"

"बाबा, धुरासाठीच तर पिंप केलंय!" लेक ओरडली. "सगळं खेळणंच धुराचं आहे!"

मालकांनी नळकांड्याकडं बघितलं, पिंपाकडं बघितलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. पन्नासेक वर्षं संसार केलाय, त्यांना कधी कुणाची माफी मागताना मी बघितलेलं नाही. आत्ताही मागितली नाही. ते फुंकणी घेऊन उठले, गोठ्यात गेले, ती आढ्याला खोचली आणि येऊन पिंपाशेजारी पाट टाकून बसले.

"उकड उरलीय का गं?"

"उरलीय," मी म्हटलं. उकड मी नेहमीच जास्त काढते. खिमाही होता आणि बेकनचंही एक पाकीट शिल्लक होतं.

"मग कर की. पाव्हणं, तुमी निखारं करा. आन् मला सांगा, किती धूर पायजे."

दुसरा घाणा चढला. आता मालक राखणीला. धूर दाट झाला की जावयांना हाक, पातळ झाला की हाक. "पाव्हणं, आता पांढरा यायला लागलाय, चालंल का?" जावई सांगायचे, पांढरा नको, निळा पाहिजे, आणि धूर कुठं जातो तेही बघावं लागतं. मग दोघं मिळून खालची फट कमी-जास्त करायचे. लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघांचं 'कसं काय, बरं आहे' याच्या पुढं बोलणं गेलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी पुढच्या घाण्याच्या कळ्या पाडत गुपचूप ऐकत बसले.

तेवढ्यात बांधावरनं माझे चुलत दीर आले. त्यांना धूर दिसला होता, आणखी काय!

"काय रं, चूल पेटंना व्हय? फुकणी आण हिकडं."

"हात लावशील तर बघ!" मालक उभेच राहिले. "धूरच पायजे त्याला. दमानं शिजतंय ते."

"तुला कुणी शिकवलं?"

"आमच्या पाव्हण्यांनी."

दीर हसले. एकदा जावयांच्या काळ्या झालेल्या हातांकडं बघितलं, एकदा पिंपाकडं. "आरं, पण जावयाला चुलीम्होरं बसवलंस? घरजावई केलास का काय?"

लेकीनं माझा दंड धरला. जावई खाली बघत निखारे सारखे करत राहिले. जो शब्द यायला नको, तोच आला होता, तोही भावकीच्या तोंडून.

"घरजावई कसला?" मालक म्हणाले. "त्यांची चूल त्यांनी सोबत आणलीय, दिसत न्हाई व्हय? आज जावई मी हाय. ते मला धोंडे करून घालत्यात. तुला तुझ्या जावयानं कवा पाणी तरी इचारलंय का?"

लेकीची पकड जरा सैल झाली.

झाकण उघडलं तेव्हा असा वास सुटला, काय सांगू! आंब्याच्या लाकडाचा, खारट, गोडूस. पट्ट्या आक्रसून उकडीला घट्ट बसल्या होत्या, मधाच्या रंगाच्या. जावयांनी मालकांना पाटावर बसवलं, मला शेजारी, आणि खरंच वाकून वाढलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. मी आधी खाल्लं, कारण कुणीतरी खायलाच हवं होतं. दाताखाली आधी कुरकुरीत, मग मऊ उकड, मग आतला रस. मी डोळे मिटले.

मग त्यांनी खाल्लं. बराच वेळ चावत बसले.

"खारट हाय," ते म्हणाले.

जावयांचा जीव टांगलेला.

"पर उकड झ्याक झालीय." आणि दुसरा उचलला. मग तिसरा, न विचारता. दीर म्हणाले, "डुकराचं ना रं हे?" तर मालक म्हणतात कसे, "तू नगं खाऊ, कमी पडत्याल." असं म्हटल्यावर ते कसले थांबतात!

चौथा संपवून मालकांनी हात पुसला. जावई पुढं सरकले. "मामा, एक विचारायचं होतं..."

"कुटं लावणार हाय ते धुराडं?" मालकच म्हणाले.

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?" लेक म्हणाली.

"तुझी आई फोनवर बोलती ते पौडापर्यंत ऐकू जातं. मला काय कान न्हाईत?"

जावयांनी बोट करून दाखवलं. वरच्या तुकड्याचं रस्त्याकडचं टोक, जिथं गाड्या वळताना हळू होतात.

"तितं न्हाई," मालक म्हणाले.

लेकीनं मान खाली घातली. जावई हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "बरं मामा. काही हरकत नाही."

"हरकत न्हाई काय? हरकत हाय! सांच्याला वारा घाटाकडनं येतो. तितं धुराडं ठिवलं तर सगळा धूर गिऱ्हाइकाच्या नाकात. मघाशी मलाच म्हणत व्हता ना, धूर कुटं जातो ते बघावं लागतं? खालच्या अंगाला जांभळीपाशी ठिवायचं आन् माणसं वरच्या बाजूला बसवायची. चला, दावतो."

चप्पल घालून ते निघालेसुद्धा. जावई क्षणभर तसेच उभे, चिमटा हातात. मग लेकीनं त्यांना असं ढकललं की चिमटा तिथंच पडला, आणि ते मालकांच्या मागं पळाले. वर रस्त्याकडं मला दिसत होतं, मालक वाकून मूठभर माती घेत होते, हवेत सोडून वारा दाखवत होते आणि जावई मान हलवत होते. लेक माझ्या गळ्यात पडून हसत होती का रडत होती, तिलाच ठाऊक.

मी हाक मारली, "अहो, ताटात अजून राह्यलेत!"

"घेऊन ये हिकडंच!" ते वरनं ओरडले. "आन् बसायला घोंगडी आण!"

दिरांनी ताट उचललं, मी घोंगडी घेतली आणि आम्ही वर चढायला लागलो.