चार अक्षरांचा राजा

राजाचं नाव नाना आहे, हे चेअरमनसाहेबांनी मला दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी फक्त "हो" म्हणालो होतो. ते त्यांना पुरेसं वाटलं नसावं.

"कॉम्प्युटर आमच्या कारखान्याचं," ते म्हणाले. "आन् त्याच्यात राजा कोण, तर नाना. तुमी मशीनवाले. तुमी खुलासा करा."

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. टेबलापलीकडे चेअरमन आबासाहेब. बाजूला ऑफिस सुपरिंटेंडंट भाले, उभे. समोर मी, खांद्यावर टूलकिट, एसटीच्या धुळीसकट. चौथी व्यक्ती बाहेर बाकावर बसली होती. ती शैला, कारखान्याची कॉम्प्युटर ऑपरेटर. तिला आत घ्यायचं की थेट घरी पाठवायचं, हे माझ्या खुलाशावर ठरणार होतं.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी परभणीच्या एका कॉम्प्युटर विकणाऱ्या फर्ममध्ये सर्व्हिस इंजिनिअर होतो. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याला आम्ही मशीन दिलं होतं आणि त्याची एएमसी आमच्याकडे होती. एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. महिन्याला एक फेरी ठरलेली, आणि मशीन बंद पडलं की जास्तीची. मशीनवर ऊसनोंदणी आणि पगारपत्रकं चालायची. गाळप सुरू असलं की शैलाला पाणी प्यायलाही सवड नसे. पाऊसकाळात कारखाना बंद, तोडणीवाले आपापल्या गावी, आणि कॉम्प्युटरला काम जवळजवळ नाही.

मशीनबरोबर पुण्याच्या सप्लायरनं काही डेमो फ्लॉप्या दिल्या होत्या. रंगीत मॉनिटर किती रंगीत आहे, ते गिऱ्हाइकाला दाखवायला. त्यात एक गेम होता. त्या काळातले बहुतेक गेम म्हणजे एका रेषेत पळायचं आणि गोळ्या चुकवायच्या. हा तसा नव्हता. यात एक अख्खं राज्य होतं. जंगल, डोंगर, नदी, गावं, गुहा, गुहेत राक्षस. तुम्ही एक भटका लढवय्या. कुठंही जा, कुणाशीही बोला, हवं तर लढा, नाहीतर नुसते फिरत राहा. अमुकच कर असं गेम सांगत नसे. राक्षसाला मारलं की राजा दरबारात बोलावतो, एवढंच त्यातलं ध्येय.

मी तो पाच मिनिटं खेळून सोडून दिला. शैलानं सोडला नाही. एकदा मी तिला विचारलं होतं की यात एवढं काय आहे. ती म्हणाली, "इथं कुठंही जाता येतं, सर. कुणाला विचारायचं काम न्हाई." ती बी.कॉम. होती, लग्न होऊन तीनेक वर्षं झालेली, आणि रोज तालुक्याच्या गावाहून त्याच एसटीनं त्याच रस्त्यावरून यायची.

एका फेरीत मी तिची खराब झालेली ऊसनोंदणीची फाईल दुरुस्त केली. त्यासाठी आमच्याकडे एक छोटा प्रोग्राम असे. त्यानं कुठलीही फाईल आतून उघडता येई. यंत्राला कळणारे आकडे एका बाजूला, माणसाला वाचता येणारी अक्षरं दुसऱ्या बाजूला. अक्षर बदललं आणि सेव्ह केलं की फाईल बदलली. शैलानं शेजारी बसून सगळं पाहिलं. पुन्हा गरज पडली तर असू द्या म्हणून तिनं तो प्रोग्राम ठेवून घेतला. पुढच्या फेरीत पाहतो तर तिनं गेमची फाईल उघडली होती.

आजकाल याला मॉडिंग म्हणतात. आम्हाला तो शब्द माहीत नव्हता. तिनं गावांची इंग्रजी नावं काढून आपली घातली होती. सेलू, पूर्णा, जिंतूर, पाथरी, ताडकळस. भेटणाऱ्या माणसांच्या तोंडची इंग्रजी वाक्यं काढून इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं बसवली होती. मूळ गेममध्ये परका माणूस दिसला की गावकरी त्याला चालता हो म्हणायचे. ते तिला पटलं नव्हतं. तिच्या राज्यात सगळे "या, बसा" म्हणायचे.

आणि मूळ राजाच्या जागी तिनं नाना घातला होता.

आता नाना कोण, ते सांगायला हवं. नाना हे कारखान्याचे माजी चेअरमन. मागच्या निवडणुकीत आबासाहेबांनी त्यांना पाडलं होतं. पुढची निवडणूक तोंडावर आली होती. एक संचालक सहज कॉम्प्युटर रूममध्ये डोकावले. शैला खेळत होती आणि नेमकी दरबारात पोचली होती. स्क्रीनवर मुकुट घातलेला राजा म्हणत होता की मी राजा नाना, मुजरा कर. संचालकांनी ते वाचलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तालुक्यात बोलवा झाली की आबासाहेबांच्या कॉम्प्युटरनंच पुढचा निकाल सांगितला.

ऐकायला गंमत वाटते. तिथं कुणी हसत नव्हतं. नावावरून काय काय होऊ शकतं, हे विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

भाल्यांचा तपास पुरा झाला होता. शैलाचं सासर नानांच्याच गावचं. ती अजून कायम झालेली नाही. निवडून आल्यावर कायम करायची लालूच दाखवून नानांच्या माणसांनी हे करून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. बदललं मी, हे शैलानं पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून, या प्रश्नाला "कुणाच्याच न्हाई" एवढंच उत्तर दिलं होतं. ते कुणाला पटलं नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो, "तिथं नाना बसलाय, कारण तिथं चारच अक्षरं बसतात."

आबासाहेबांनी भाल्यांकडे पाहिलं. भाल्यांनी छताकडे पाहिलं.

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. फाईलमध्ये प्रत्येक शब्दाची जागा मोजलेली असते. थिएटरात रांगेत चार खुर्च्या असतील तर चार माणसं बसतील. पाचवा घुसला तर तो शेजारच्या पार्टीच्या मांडीवर बसेल आणि भांडण होईल. मूळ राजाचं नाव इंग्रजीत चार अक्षरांचं होतं. इंग्रजीत नाना लिहायला चार अक्षरं लागतात. मूळ गावांची नावं जेवढी लांब, तेवढ्याच लांबीची आपली गावं तिनं शोधून घातली आहेत.

"हे तुमी म्हणता," आबासाहेब म्हणाले. "मला दाखवा."

आम्ही कॉम्प्युटर रूमकडे निघालो. बाकाजवळून जाताना आबासाहेबांनी शैलाला बोटानं मागं यायची खूण केली. रूममध्ये धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता. आबासाहेबांनी निमूटपणे चपला काढल्या. भाल्यांनी त्या जोडून ठेवल्या.

मी मशीन सुरू केलं आणि खेळायला शैलाला बसवलं. राक्षसाला मारून दरबारापर्यंत पोचणं मला जमलं नसतं; तिनं तो आधीच मारून डाव सेव्ह केला होता. तिची बटणं चुकत नव्हती. स्क्रीनवर तिचा लढवय्या एका गावातून निघून नदीकाठानं चालू लागला. आबासाहेब मागं उभे राहून पाहत होते. गावाच्या वेशीवर नाव दिसलं की मोठ्यानं वाचत होते.

"जिंतूर," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "ही नदी कोणची?"

"गंगा," शैला म्हणाली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"गंगेच्या काठाला जिंतूर?"

तिनं लढवय्याला तसंच पुढं नेलं. पुढं डोंगर लागला आणि डोंगराच्या माथ्यावर पूर्णा आली.

"पूर्णा डोंगरावर," आबासाहेब म्हणाले. "तिथं रेल्वे कशी चढली?"

त्यांचं आयुष्य या जिल्ह्यात फिरण्यात गेलं होतं. कुठल्या गावाहून कुठल्या गावाला कुठली वाट जाते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ताडकळस जंगलाच्या पार टोकाला निघालं तेव्हा ते भाल्यांकडे वळले.

"नानानं हिच्याकडनं हे करून घेतलं म्हणता, भाले. नाना धा वर्षं चेअरमन होता. त्याला जिल्हा तरी ठाऊक हाय."

भाले म्हणाले की साहेबांचं बरोबर आहे, पण राजाच्या नावाचं तसं नसावं. तेवढ्यात झाडीतून एक दरोडेखोर निघाला, "या, बसा" म्हणाला आणि त्यानं तलवार उपसली. शैलानं त्यालाही सगळ्यांचंच वाक्य दिलं होतं.

"हे मातर आपल्या जनरल बॉडीसारखं हाय," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा सैल झाला होता.

मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "आता त्या राजाच्या जागी माझं नाव घाला. बसत न्हाई म्हणता ना? कसं बसत न्हाई ते बघू."

मी फाईलची कॉपी केली. कॉपीवरच प्रयोग करायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. राजाचं नाव शोधलं आणि तिथून पुढं आबासाहेब असं लिहिलं. इंग्रजीत आठ अक्षरं. पहिली चार जागेवर बसली. उरलेली चार पुढच्या मजकुरावर चढली. त्या मजकुरात यंत्रासाठी सूचना होत्या, त्या पुसल्या गेल्या. शैलानं डाव पुन्हा सुरू करून लढवय्याला दरबाराकडे नेलं. दार उघडलं, स्क्रीनभर तुटकी चिन्हं आली आणि मशीन हँग झालं. हँग होणं म्हणजे मशीन चालूच असतं, पण कशालाच दाद देत नाही.

आबासाहेबांनी खुर्ची पुढं सरकवून ती चिन्हं पाहिली. आपल्या नावानं दरबार बंद पडला, हे त्यांना कसं वाटेल याची मला काळजी होती. ते रागावले नाहीत. विचार करत होते. मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत त्यांनी तो पुरा केला.

"इंजिनिअरसाहेब, जागा चाराची. त्याच्यात तीन अक्षरांचं नाव घातलं तर?"

मी म्हणालो, चालतं. उरलेली जागा मोकळी सोडायची.

"म्हंजी बसतं."

"बसतं."

"मग आबा बसलं असतं." ते शैलाकडे वळले. "आबा. तीन अक्षरं, एक जागा मोकळी. चारच्या जागी नानाच कशाला हुडकून काढला?"

हा प्रश्न माझ्या ध्यानातच आला नव्हता. भाले एक पाऊल पुढं आले. तांत्रिकदृष्ट्या आबासाहेब बरोबर होते.

शैला खुर्चीवरून उठून उभी राहिली. पदर नीट केला.

"साहेब," ती म्हणाली, "तुमाला नुसतं आबा कसं म्हणू?"

  तिला ते खरंच तसं वाटत होतं, की त्या क्षणी सुचलं, हे मी तेव्हा ओळखू शकलो नाही आणि नंतर विचारलंही नाही. आबासाहेबांना मात्र उत्तर पुरलं. मान डोलावत ते उठले.

"खरं हाय," ते म्हणाले. "नानाला नुसतं नाना म्हणून भागतं."

फैसला दारातच झाला. पोरगी कामावर राहील. हा विषय पुन्हा काढायचा नाही, हे भाल्यांना बजावलं. गेम आजच्या आज काढून टाकायचा, हे मला. मग ते चपला घालून निघून गेले. भाले त्यांच्या मागं गेले.

गेम काढणं म्हणजे दोन ओळींचं काम. मी खुर्चीवर बसायला गेलो तेव्हा शैला म्हणाली, जरा थांबता का. दरबार तिला बघायचा नव्हता. तिनं लढवय्याला नकाशाच्या पूर्वेच्या टोकाला नेलं. तिथं एक झोपडी होती आणि दारात एक म्हातारी. मूळ गेममध्ये ती शाप द्यायची. शैलाच्या गेममध्ये तिनं विचारलं, "दमलीस का?" बाकी सगळ्यांच्या "या, बसा"मधून लढवय्या पुरुष की बाई, हे कळत नसे. ही एकटी त्याच्याशी बाई समजून बोलत होती.

शैलानं वाचलं, खुर्ची मला दिली आणि शिल्लक राहिलेले ऊसनोंदणीचे कागद लावायला घेतले. मी डिलीट केलं. तुझ्याकडे फ्लॉपीवर कॉपी आहे का, असं मी विचारलं. ती न्हाई म्हणाली. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि टेबलाचा खण उघडायला लावला नाही. तपास करणं एएमसीत बसत नव्हतं.

त्या हंगामात मशीन विनातक्रार चाललं. शैला पुढच्या वर्षी कायम झाली. निवडणुकीचा निकाल काय लागला ते इथं सांगण्यात अर्थ नाही. गेममुळे लागला नाही, एवढं नक्की.

पुढं मी स्वतः पगाराचे प्रोग्राम लिहू लागलो. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सांगत आलो. नावाच्या रकान्यात जागा सढळ ठेवा, राव आणि साहेब धरून. पगाराचा आकडा चुकला तर माणसं अर्ज करतात. नाव तुटलं तर समोर येऊन उभी राहतात.