तेल लावलेलं डोकं

अकोल्याच्या बाजारात रोज संध्याकाळी माझ्या मेथीची एकेक जुडी हुंगून परत टाकणारा हा माणूस दिवसा बँकेच्या काउंटरवर बसतो. बाजारात मला काकू म्हणतो. काउंटरवर मान वर करत नाही.

परवा लेक दवाखान्यात होती आणि केवायसीपायी माझं खातं बंद पडलेलं. भाजी खुडून खुडून अंगठ्याच्या रेषा झिजल्यात. काउंटरवरच्या मशीनचा लाल दिवा काही जाईना.

"पुन्हा ठेवा."

"अहो, तुमी तं मले रोज पाह्यता! लेक दवाखान्यात हाय, पैसे काढाचे हायेत."

"माह्या पाह्यन्यानं काय होते? मशीनले पटलं पाह्यजे. पुन्हा ठेवा."

मागची रांग ओरडायला लागली. जावयाचा फोन वाजतच होता. मी अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला. तेवढ्यात त्यानं खिडकीतून आपलं तेलानं चपचपीत डोकं बाहेर काढलं.

"अंगठा कोरडा हाय, काकू. घासा इथं."

साहेबांसमोर, सगळ्या रांगेसमोर तो तसाच वाकून राहिला. मी अंगठा घासला, मशीनवर ठेवला. हिरवा दिवा लागला.

"चला, पुढचे," तो म्हणाला.

संध्याकाळी आला, लेकीचं काही विचारलं नाही. जुडी हुंगली, परत टाकली.

"शिळी हाय, काकू."

शिळीच होती.