सायमनकाकांचा मलिदा

माझ्या तोंडून तुम्ही पुष्कळ ऐकलंय. कुंडलिकेत रिक्षाएवढा मासा दिसला ते, बिबट्याने मला बघून रस्ता बदलला ते — सगळं. हे एक ऐकलं नाहीत. कोणीच नाही. बायकोनेसुद्धा नाही, आणि ती तर मी झोपेत बोललेलंही ऐकते.

गाडीपासून सुरू करतो. गाडीबद्दल बोलायला बरं वाटतं — पुढचं मग आपोआप येईल. येईल ना?

पेणला सायमनकाका राहायचे. आळीतलं शेवटचं इस्रायली घर — इस्रायली म्हणजे आपले कोकणातले ज्यू. बाकीची सगळी कधीच इस्रायलला गेली. काकांचा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला, आणि स्वतःची एकच — लाल, विलायती, दोन सीटांची, कापडी टपाची, माझ्या बापाच्या वयाची. शनिवारी ते तिला हात लावत नसत. बाकीचे दिवस तिच्याखालीच आडवे. शेवटी मुलीने त्यांनाही तिकडे बोलावलं, तेव्हा त्यांनी ती मला जुन्या बाईकच्या भावात दिली. मुंबईची गिऱ्हाइकं परत पाठवून! मलाच का? म्हणाले, "तू तिच्या गोष्टी सांगत फिरशील."

फिरलो की.

मला गाडी येत नव्हती. धाटावला कंपनीत शिफ्ट करणारा मी, उभ्या जन्मात स्कूटरच चालवलेली. काकांनीच शिकवलं. "अरे दिल्या, क्लच हाय तो, झुरळ नाय!" असं अख्ख्या पेणला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. चारही चाकांचे ब्रेक त्यांनी नवे बसवून दिले, स्वतःच्या हाताने. म्हणाले, जाता जाता माझ्याकडून एवढंच.

मग एका संध्याकाळी मी टप उघडून कोलाडला निघालो. टपरीवर कंपनीतली गँग वडे खात थांबली होती. तिथे — नाही, आधी मी काय सांगितलं ते ऐका. ब्रेक फेल! समोर शाळेची आठ पोरं! मी देवाचं नाव घेतलं, स्टेअरिंग फिरवलं, गाडी भातात घातली. पोरं वाचली, घाबरून पळाली, म्हणून कोणाला दिसली नाहीत. गोष्ट पुढच्या खांब गावाला पोचेपर्यंत ती बारा झाली.

आणि खरं?

टपरी अजून वळणापलीकडे होती. गँगला हात कसा करायचा याची मी तालीम करत होतो. सीटवरून अर्धा उठून, दोन्ही हात वर — मंत्र्यासारखा. रस्त्यावर पोर नव्हतं, कुत्रं नव्हतं. वळण आलं आणि गाडी सरळ भातात; ब्रेकला मी पाय लावलाच नाही. हात मोडला माझा. बघायला एक म्हैस होती, ती कोणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी काका एस्टीने आले. शेताच्या बांधावर चाकं काढून बसले. एकेक ब्रेक बघितला, पुसला, पुन्हा बघितला.

"पाय दाबलास?"

"दाबला, काका."

"पकडला नाय?"

"नाय."

तिथे बोलायचं होतं. पण भोवती माझी गँग उभी होती, माझ्या शौर्यावर खूश. काका मातीतच बसून राहिले. "मग माझ्याच हातून काय तरी राहिलं," म्हणाले.

इस्रायली घरात संकट टळलं की एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात — भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. इस्रायलला निघायच्या आधी काकांनी घरी मलिदा केला. कशासाठी? माझा जीव वाचला म्हणून. अलिबागकडून नातलग आले. मला त्यांनी शेजारी बसवलं. कोणीतरी थट्टा केली, "काय रे सायमन, जाता जाता गिऱ्हाईकच पोचवत होतास?" सगळे हसले. मीही. काका हसले नाहीत. माझा उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून मलिदा त्यांनी मला भरवला. ज्या हाताने ब्रेक बसवले, त्याच हाताने.

मी खाल्ला. आणखी मागून घेतला.

गाडी पुढे मी विकली. त्याआधी एकदा त्याच वळणावर नेली. ब्रेक तेच होते. दाबला. जागच्या जागी थांबली.

तेव्हा काका हयात होते. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे होता.

ते तिकडेच वारले. त्यानंतर त्यांची मुलगी पेणला आली होती, मला भेटायला मुद्दाम रोह्याला आली. म्हणाली, बाबांनी तिकडे हत्यारांची पेटी उघडलीच नाही. नातवाच्या सायकलची चेन उतरली तरी म्हणायचे, दुकानात ने, माझ्या हाताचा भरवसा नाय. मग तिने विचारलं, "दिलीपभाऊ, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

बायको चहा घेऊन दारात उभी होती. मी सांगितलं. ब्रेक फेल झाला होता.

या खेपेला पोरं वीस होती.