काकाच्या नावाचं झाड

आमच्या घराला संशयाचा रोगच होता. म्हैस आटली तरी आधी नजर कुणाची लागली ते ठरायचं, मग वैरण बघायची. त्यामुळं लढाई संपल्यावर हिंगोलीच्या छावणीजवळ कुणी पेन्शनीतला साहेब मेलेल्या शिपायांच्या नावानं बाग करतोय म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली, “फुकट? काहून?”

पलटणीत गेलेला काका इटलीत पडल्याची तार आली होती. मढं काही आलं नव्हतं. काकूनं कुंकू पुसलं नाही. ती विधवा ठरली की तिच्या वाट्याचं रान आबा, म्हणजे माझे वडील, गिळणार अशी तिला धास्ती. खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं.

हिंगोलीजवळच्या आमच्या पुसेगावाहून गाडी जुंपून आम्ही बागेत गेलो. जागा मोठी शांत होती. माणूस ज्या मुलखात पडला त्या मुलखातलं झाड त्याच्या नावानं लावलेलं. काकाच्या रोपट्याची पानं वरून हिरवी, खालून राखाडी.

“दोन तोंडाची पानं,” आई पुटपुटली.

साहेबानं आबांच्या हातात तांब्या दिला. घरच्यांनी नाव घेऊन पाणी घालायचं होतं. काकू दचकली. नाव घेऊन पाणी आमच्यात दहाव्याला सोडतात, आणि ते एकदा सोडलं की माणूस संपला.

भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, काकू कधी बोलायची नाही. काही सांगायचं तर मला मधे घालायची. त्या दिवशी पदर सावरत ती थेट आबांसमोर उभी राहिली.

“पाणी घालू नका. आधी मढं दाखवा.”

आबांनी तांब्या खाली ठेवला. आबांनी रानासाठीच तांब्या उचलला असणार, असं मी परतीच्या वाटेवर मनात पक्कं करून टाकलं.

बाकीच्या झाडांना ज्याची त्याची माणसं बाजाराच्या दिवशी येऊन पाणी घालत. आमच्याकडून कुणी गेलं नाही. उन्हाळ्यात हिंगोलीहून आलेल्या एका पाहुण्यानं सांगितलं, तुमचं झाड वाळलं.

काकूचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. घरातली गुळाची ढेप फोडून ती गल्लीभर वाटत सुटली. “त्यायच्या नावाचं झाड लागलंच न्हाई. म्हंजी त्ये हायेत. येऊन राहिलेत.”

आईनं गूळ घेतला. मी घेतला. शेवटी ती आबांसमोर आली. त्यांनी दोन्ही हात पुढं करून खडा घेतला, तोंडात टाकला आणि गोठ्यात गेले.

काय डाव शिजतोय ते बघायला मी मागोमाग गेले. बैलाच्या मानेवर डोकं टेकून आबा हुंदके देत होते. त्यांचा एकुलता एक भाऊ मेला होता, आणि आमच्यापैकी एकानंही त्यांना रडायला जागा दिली नव्हती.