जोडीचा फोटो

काका गेल्यावर दोन-चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा मला ऑफिसात फोन आला. "अक्का, तुमच्याकडे अप्पांचा स्टुडिओतला जुना फोटो आहे ना? आमच्याकडचे सगळे आजारपणातले. तुमच्या फोटोतून अप्पांना तेवढं काढून द्याल? तेराव्याला भिंतीवर लावायचाय." मी हो म्हणून टाकलं.

काका म्हणजे बाबांचे मित्र. नात्यातले कुणी नव्हेत. बाबा साताऱ्याकडून चेन्नईजवळ आवडी गावच्या कारखान्यात फिटर म्हणून आले तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता, आणि शेजारच्या मशीनवरचा पोरगा तंजावरी मराठी बोलणारा निघाला, तेच काका. जुनी, तमिळ चालीची मराठी. निम्मी कळायची, निम्मी नाही. बाबा म्हणतात, तेवढी पुरली.

फोटो तेव्हाचाच. मागे रंगवलेला जिना. काका खुर्चीत, बाबा खुर्चीच्या हातावर, एक हात काकांच्या गळ्यात. दुसऱ्या हाताची बोटं काकांच्या बोटांत अडकवून गुडघ्यावर ठेवलेली. दोघांचे शर्ट एकाच ताग्यातले. हसत कुणीच नाही.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. चेन्नईत गिंडीच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासते आणि खोट दिसली की तोंडावर सांगते. तर तोंडावरच सांगायचं म्हणजे, हा फोटो मला कधी नीट बघवला नाही. बाबांनी आईचा हात असा धरलेला मी पाहिला नाही. त्यांच्या लग्नाच्या फोटोत दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस सहज मावला असता.

नुंगंबाक्कमच्या फोटोच्या दुकानातल्या बाईने तो कॉम्प्युटरवर मोठा केला. "भाऊ का?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"मित्र."

तिने बाबांवर बोट ठेवलं. "ह्यांना काढते, पण ह्यांची बोटं त्यांच्या हातातच राहतील. पुसली तर त्यांचाही हात जाईल."

"राहू देत," मी म्हणाले. बाहेर आले तरी चैन पडेना. परत आत गेले आणि अख्ख्या फोटोचीही एक मोठी प्रत काढायला सांगितली. कशासाठी, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

घरी बाबांनी कापलेला फोटो पाहिला आणि उठले. बाल्कनीपर्यंत गेले, दारापर्यंत आले. चपला घातल्या, काढल्या.

"कापायला कुणी सांगितलं?"

"बाबा, त्याला हार घालणार. त्यात जिवंत माणूस ठेवत नाहीत."

"घालू देत की. मला काय टोचणारेय?"

माझं डोकं फिरलं. "आई गेल्यावर लग्नाचा फोटो कापला, तेव्हा नाही काही बोललात."

ते थांबले. "मला विचारलं कुणी? तुझ्या मामाने आणून टांगला. माझा खांदा अजून आहे तिच्या चौकटीच्या कडेला. रोज दिसतो."

मी जाऊन आईचा फोटो पाहिला. हाराची फुलं बाजूला केली. चौकटीच्या अगदी कडेला कोटाची काळी पट्टी होती, बोटभर. इतकी वर्षं उदबत्ती लावतेय, मला ती कधी दिसली नव्हती. मग मलाही एका जागी बसवेना. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली.

तेराव्याला आम्ही लोकलने आवडीला निघालो, माझ्या पिशवीत दोन्ही फोटो. गाडीत जागा होती तरी बाबा दाराशी उभे. प्रत्येक स्टेशनावर विचारत होते, "आणलायस ना?" कुठला, ते सांगत नव्हते. काय होईल याची मला धास्ती होती. दुसऱ्याच्या घरी, दुःखाच्या दिवशी, हा माणूस हट्ट करणार.

आणि केलाच. भिंतीवर खिळा ठोकलेला, खाली ताटात मोगऱ्याचा हार. काकांचा मुलगा कापलेला फोटो घ्यायला पुढे आला, तर बाबांनी माझ्या पिशवीतून दुसरा ओढून काढला.

"हा लाव."

"चित्तप्पा, ह्यात तुम्ही आहात." तो बाबांना तमिळमध्ये काकाच म्हणतो. "हार कसा घालायचा?"

"दोघांना मिळून घाल. लांब आहे."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. खोलीत आलेले पाहुणे जमिनीकडे बघू लागले.

काकू आतून आल्या. त्यांनी दोन्ही फोटो हातात घेतले. कापलेल्यातल्या, कुणाच्याच नसलेल्या त्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि तो फोटो कपाटात उपडा ठेवून दिला. "सरी, ठीक आहे," काकू मुलाला म्हणाल्या, "हाच लाव. हार देवाला घाल."

"अम्मा, मग अप्पांना?"

"अण्णा आहेत तोवर ह्यांनाही नको." बाबांना त्या अण्णा म्हणतात. मग त्यांच्याकडे वळून, जरा रागानेच, "जोडीचा आहे ना? मग दोघांचं मिळूनच होऊ दे. घाई काय पडलीय?"

मुलाला ते पटलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी त्याने फोटो लावला. बाबांनी दोनदा सरळ करायला लावला.

परतताना आवडीच्या फलाटावर बाबा बाकावर बसले. गाडी आली, गेली. ते उठले नाहीत. मी घड्याळ बघत, येरझारा घालत होते.

"आता मला लवकर जाता यायचं नाही," ते म्हणाले. "मी गेलो की त्याला हार घालतील."

"मग गुडघ्यांना तेल लावत जा रोज," मी म्हणाले. "आणि उठा, ही पण गाडी सुटेल."